कानशिलावरचं काळं कडं

मी सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रोब, अंगावर टेकवून आतलं चित्र पडद्यावर दाखवणारा, मुठीत मावणारा, चपट्या तोंडाचा. दोन हजार चार साली मंगळवार पेठेतल्या एका सेंटरमध्ये आलो, पण स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. माझा थोरला भाऊ, त्याच यंत्राचा मोठा प्रोब, दिवसभर पोटं तपासायचा. मी मात्र हुकावर लटकून वाट बघायचो. कधी कुणाची मान, कधी पायाची शीर, एवढंच माझं काम.

एका दुपारी मुरगूडचा केरबा आपल्या आईला, अंबूबाईंना घेऊन आला. वय बहात्तर. महिनाभर कानशील ठणकत होतं, भाकरी चावताना जबडा भरून यायचा. आणि चार दिवसांपूर्वी डावा डोळा एकाएकी गेला. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, 'कानशिलाच्या धमनीला सूज आहे का, आजच कळवा.' उशीर झाला तर उजवा डोळाही जाणार होता.

अंबूबाई टेबलावर चढेनात.

"ह्या वयात सोनोग्राफी? भावकीत हसं करतोस व्हय माझं?"

"आये, पोटाची न्हाय, डोस्क्याची हाय. झोप की गप."

सेंटरच्या डॉक्टर अतुल यांनी जेल लावून मला कानशिलावर टेकवलं. पडद्यावर नुसता अंधार. ही तपासणी त्यांनीही फक्त पुस्तकात वाचलेली. त्यांनी मला दाबलं. अंबूबाई कळवळल्या, अंधार तसाच.

"काही दिसत नाही," म्हणत ते मला हुकाकडे नेऊ लागले. माझी नुसती तगमग. माझ्या आणि कातडीच्या मध्ये काहीतरी होतं, पण सांगणार कसं?

सेंटरमधल्या आक्काताई अंबूबाईंच्या तोंडावरचं जेल पुसायला फडकं घेऊन आल्या आणि थबकल्या.

"आज्जी, हे काय थापलंय?"

"सुंठ हाय. रोज एक थर. पुसायची न्हाय, गुण जातोय."

खोलीतल्या अंधुक उजेडात तो वाळका लेप कातडीसारखाच दिसत होता.

"गुण ऱ्हाऊ दे, डोळा सांभाळा आधी," म्हणत आक्काताईंनी कोमट पाण्यानं कानशील धुतलं.

या वेळी डॉक्टरांनी मला हलकेच टेकवलं. धमनी दिसली, आणि तिच्याभोवती काळं कडं. सुजेचं. दुसऱ्या कानशिलावरही तेच. डॉक्टरांनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळच्या आत सूज उतरवणारी पहिली गोळी अंबूबाईंच्या पोटात गेली.

दीड महिन्यानं त्या पुन्हा आल्या, आपणहून टेबलावर चढल्या. कडं विरत आलं होतं. वाचलेल्या उजव्या डोळ्यानं भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ती पाटी मागल्या खेपंला सरळ हुती. आता कललीया."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाटी खरंच कलली होती.

आता माझी वायर तडकलीय, चित्रात एक काळी रेघ उमटते. नवा प्रोब आला, मी ड्रॉवरमध्ये. पण बाहेर कुणी म्हातारं माणूस "चावताना जबडा दुखतोय" म्हणालं, की मी आत चुळबुळतो. अशा माणसाला लेप लावून घरी बसवू नका. कानशील धुऊन लगेच घेऊन या. आणि जमलं तर दोन्ही डोळे शाबूत असतानाच आणा.