दोरा बांधलेल्या काकड्या

माझा दादा बी विकतो आणि मी ते तयार करते. म्हणजे हारतुरे त्याचे, चिखल माझा.

आमच्या संकरित काकडीचा मादी वाण फक्त माझ्याकडे होता. त्याच्या फुलाला नर वाणाचा पराग लावला की विकायचं बी मिळतं. पण मादी वाण टिकवायचा तर त्याचाच पराग त्याच्याच फुलाला लावावा लागतो. मादी वाणाचं साठवणीतलं सगळं बी यंदा पेरलं, कारण दादाला जास्त माल हवा होता. मग रोग आला आणि वेल करपत चालले. शेवटच्या फुलांना त्याच वाणाचा पराग लावून मी चार काकड्या धरल्या आणि देठांना लाल दोरा बांधला. त्या पिवळ्या पडून फुगेपर्यंत वेलावर राहायला हव्या होत्या. कोवळ्या काकडीतलं बी कुठल्याच कामाचं नसतं.

आज सकाळी जाळीघरात गेले, तर चारही देठ रिकामे.

मी तशीच मातीच्या पायांनी ऑफिसात शिरले. दोन घाऊक व्यापारी खुर्च्यांत रेलले होते. मधे ताट, त्यात काकडीच्या फोडी आणि मीठ. ताटाच्या कडेला लाल दोरा.

"दादा, या कुठून आणल्यास?"

"जाळीघरातून. तू दोरा बांधून बाजूला काढल्या होत्यास ना? म्हटलं, निवडक असणार. पाहुण्यांना काय ऐरीगैरी द्यायची?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं बियाण्याचा धंदा करतोय हा माणूस, आणि अक्कल मात्र दुकानाच्या गल्ल्यात कुलूपबंद! "दोऱ्याचा अर्थ एकदा तरी विचारायचास की रे गाढवा!" मी ओरडले.

"चिमणे, ओरडतेस काय? ऑर्डर मिळालीय! यांना चव इतकी आवडली, की पुढच्या हंगामाचं सगळं बी आपल्याकडूनच घेणार आहेत."

"कसलं बी? ज्या वाणावर ते बी धरायचं, तो तुम्ही मीठ लावून खाल्लात. दुसरा नाही. कुठेच नाही."

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे... परत नाही का लावता येणार?"

"काय लावू? तुझं पोट?"

एका व्यापाऱ्याच्या हातात शेवटची फोड होती. त्याने ती हळूच ताटात ठेवायला हात पुढे केला.

"खा हो," मी म्हणाले. "ठेवून काय करता? तुमच्या ऑर्डरचं बी आहे ते. असं कोवळं, उगवणार नाही."