लिव्हर कुणाचं

"श्वास घ्या, मावशी. आता रोखून धरा."

डॉ. नीलमने तुळसाबाईंच्या उजव्या बरगडीखाली सोनोग्राफीचा प्रोब दाबला. पडद्यावर निळा-तांबडा रंग हलला आणि यंत्रातून वारं घोंघावल्यासारखा मंद आवाज येऊ लागला.

"हे काय वाजतंय?" दाराशी उभ्या तात्यारावांनी विचारलं.

"मावशींचं रक्त, काका. आतड्यांकडून लिव्हरमध्ये जातंय, पण फार हळू." तिने पुन्हा मोजलं. "सोडा श्वास. लिव्हर कडक झालंय. रक्ताला आत शिरता येत नाही, म्हणून मागे दाब वाढलाय."

तुळसाबाई छताकडे बघत म्हणाल्या, "मी जन्मात थेंब घेतला नाही, डॉक्टर. प्यायचे ते हे."

तात्याराव जमिनीकडे बघू लागले. त्यांची दारू सुटली तेव्हा मुलगा बालवाडीत होता. पिण्यातले जुने सोबती नकोत म्हणूनच तुळसाबाईंनी लालबागची खोली विकायला लावून मीरा रोडला बिऱ्हाड हलवलं होतं. इथे पूनम सागर सोसायटीत कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"दारूनेच होतं असं नाही," डॉक्टर म्हणाली. "शुगर आणि चरबीनेही होतं. आता अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का, ते दुर्बिणीने बघावं लागेल. औषधं आहेत, पण उशीर करू नका."

"आणि यांचं लिव्हर?"

"माझं बघितलंय मागे," तात्याराव पुटपुटले. "चांगलंय."

परतताना रिक्षात तुळसाबाईंनी पदर घट्ट लपेटून घेतला.

"विहारातल्या बायकांना काय सांगू? लिव्हर म्हटलं की लोकांना एकच सुचतं."

तात्यारावांनी तिच्या मांडीवरचं रिपोर्टचं पाकीट उचलून आपल्या हातात घेतलं.

लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन भेटल्या. तात्यारावांच्या हातातलं मोठं पाकीट बघून म्हणाल्या, "किसका रिपोर्ट, भाईसाब? सब ठीक?"

"मेरा है. लिव्हर खराब है."

"आपका? आप तो कितने सीधे आदमी!"

"पहले बहुत पीता था."

हंसाबेननी तुळसाबाईंकडे कीव आल्यासारखं बघितलं. दुसरा मजला आला, तशा त्या घाईने बाहेर पडल्या.

दार मिटत आलं होतं. तुळसाबाईंनी मध्ये हात घातला. दार पुन्हा उघडलं.

"हंसाबेन, रिपोर्ट मेरा है. इन्होंने तो कब की छोड़ दी."

दार मिटलं. दोघं तशीच उभी राहिली. आपल्या मजल्याचं बटण दाबायचं कुणालाच सुचलं नाही.