साडेपाच तास

सकाळचा चहा अजून संपला नव्हता, तेवढ्यात आईचा फोन आला. राजेश्वरी सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. ऑफिसच्या वेळेत आई सहसा फोन करत नसे.

"तुझं आण्णा नदीत उतरल्यात गं, चौघंजण. मोटरी वर काढायला. पाणी पाचला सुटणार म्हणून निवांत गेल्यात. तुझ्या ॲपचं समदी लय कौतुक करत्यात बघ."

"पाचला? कुणी सांगितलं?"

"आगं, तूच की!"

कराडच्या खाली तिचं गाव. नदी आटत गेली की काठचे शेतकरी मोटरी पाण्यामागं खाली नेत, आणि वरच्या बंधाऱ्याची दारं उघडायची झाली की चौघं मिळून त्या परत वर ओढत. निरोप पोचला नाही म्हणून दरसाल एखाददुसरी मोटर वाहून जायची. म्हणूनच राजेश्वरीने ते ॲप केलं होतं. बंधाऱ्यावरचा नाथाजी वेळ भरायचा आणि गावोगाव ती दिसायची.

तिने मूळ नोंद उघडून पाहिली. नाथाजीने भरली होती सकाळची साडेअकराची वेळ. तिच्या मोबाइलवर दिसत होते संध्याकाळचे पाच.

गेल्याच रविवारी तिने सगळा डेटा परदेशातल्या स्वस्त सर्व्हरवर हलवला होता. साठवलेली वेळ भारतातली आहे, एवढी खूण तिने कधी जोडलीच नव्हती. इथं चालून गेलं. तिथल्या सर्व्हरने मात्र साडेअकरा म्हणजे ग्रिनिचचे साडेअकरा धरले आणि गावातल्या फोनांनी त्यात साडेपाच तास मिळवले. तिने लॅपटॉपवर कितीदा तरी तपासलं होतं. पण लॅपटॉपही सांगलीत, तीही सांगलीत. चूक दिसणार कशी?

अकरा वाजत आले होते.

आण्णांचा फोन नुसता वाजत राहिला. तो सदऱ्याच्या खिशात असणार आणि सदरा काठावरच्या बाभळीला. नाथाजीला तर बंधाऱ्यावर रेंजच नसे. वेळ भरायलाही तो रस्त्यावर यायचा. तिने घाईघाईने ॲपवरून तातडीची सूचना पाठवली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'सूचना दुपारी साडेचार वाजता जाईल.'

तीच चूक. तिने देवळातल्या सिद्धू गुरवाला फोन लावला.

"सिद्धूकाका, भोंग्यावर सांगा, पाणी साडेअकराला सुटतंय!"

"चेष्टा करतीस व्हय? ॲपात पाच हाय."

"ॲप चुकलंय काका."

"मागं मी असं म्हटलो, तर भांडली हुतीस की माझ्यासंगं! आता गाव ॲपावर चालतंय. माझं कोण ऐकतंय?"

"मग माझा फोन माईकला लावा. मीच सांगते."

फोनमधून चपलांची फटफट ऐकू आली. किल्ली सापडेना, मग कुलूप निघेना. सिद्धू कुणाच्या तरी नावाने पुटपुटत होता. शेवटी भोंगा खरखरला, आणि राजेश्वरीला आपलाच आवाज लांबून परत आलेला ऐकू आला.

"आण्णा, वर या! ॲप खोटं सांगतंय. माझी चूक झालीय. मोटर सोडा आणि वर या!"

घसा बसेपर्यंत ती तेच सांगत राहिली. मग फोन ठेवला. साडेअकरा वाजून गेले. चहावर साय धरली होती. आण्णांशिवाय तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

फोन वाजला.

"मोटर गेली," आण्णा धापा टाकत होते.

"तुम्ही?"

"आमी चौघंबी वर हाय. धनाजीचा पाय मुरगाळलाय. लय रागानं आलं गं पाणी." ती हुंदके देऊ लागली, तसे ते म्हणाले, "रडू नगंस. तुझ्या ॲपात अजून पाचच दावतंय. खालच्या गावांस्नी सांगितलंस का?"

तिने सांगितलं नव्हतं. पाणी तर खाली निघालं होतं.

तिने पुढच्या गावातल्या तानाजीला फोन लावला. तो हसतच बोलला. मागे पाण्याचा खळखळाट आणि माणसांची थट्टामस्करी ऐकू येत होती.

"बोला की ताई! नदीतच हाय आमी. निवांत चाललंय. पाचला लय टाइम हाय अजून."