रिकाम्या फांदीची आखाजी

या, जरा पुढं सरका. खांबाला टेकू नका, टेकलं की डोळा लागतो. पखवाजाला अजून कणीक लागते आहे, बुवा कीर्तनाला उभे राहायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. एरंडोलची आहे. पुराणातली एकचक्रानगरी ती हीच, भीमानं गाडाभर अन्न खाऊन बकासुर मारला तो इथंच, असं बुवा दर वर्षी सांगतात. पण ही गोष्ट भीमाची नाही. एका झोक्याची आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडे लेकीबाळींची. भाऊ नाहीतर भाचा मुराळी होऊन जातो आणि सासुरवाशिणीला माहेरी आणतो. मुराळी आल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. मग भर उन्हाळ्यात निंबाला झोके. दोघी जणी फळीवर समोरासमोर उभ्या राहतात, आळीपाळीनं गुडघे वाकवून झोका चढवतात. समोरच्या फांदीच्या पाल्याला पाय लावला की जिंकल्या.

एरंडोलच्या एका गल्लीत झोका बांधायचा तोताराम नाना. दुसऱ्याच्या गाठीवर बाया भरवसा ठेवत नसत. बांधून झाला की पहिला झोका नाना स्वतः घ्यायचा. दोर तुटलाच तर बांधणारा पडावा, लेक नको.

नाना माघात गेला.

त्याची बहीण बेबाबाई पहूरला दिलेली, साठी उलटलेली. आखाजी जवळ आली तशी तिनं पिशवी भरून दाराशी ठेवली. मुराळी आला नाही. नानाचा मुलगा हितेंद्र मनाचा वाईट नव्हता. घरात दुखवटा, सण करायचा नाही, मग फुईला कशाला आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. बापाच्या बहिणीला, म्हणजे फुईला, फोन करून तसं सांगावं, हे मात्र सुचलं नाही. इकडे बेबाबाईनं आपला अर्थ लावला. भाऊ गेला, माहेर गेलं.

आखाजीच्या सकाळी सून म्हणाली, "आई, पिशवी आत ठेवू का?"

बेबाबाईनं पिशवी उचलली आणि ती जळगावच्या एसटीत जाऊन बसली. तिथून दुसरी गाडी.

एरंडोलला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. निंबाखाली गल्लीतल्या लोटनभाऊंचा पत्त्यांचा डाव रंगलेला.

"बेबाबाई! एकलीच उनी? मुराळी कोठे शे?"

"मीच मन्ही मुराळी. तू पत्ता टाक, लोटनभाऊ, नहीतर हारशी."

तिनं वर पाहिलं. फांदी रिकामी होती.

नानाच्या घरात नुकतीच पितरांची घागर पुजली होती. कोरी, मातीची, काठोकाठ पाणी, वर खरबूज. निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकलेली, तुपाचा वास घरभर. हितेंद्रची बायको मोहिनी पदर सावरत उठली. हितेंद्र जमिनीकडे पाहत राहिला.

"दुखवटा शे ना फुई," तो म्हणाला. "म्हनून मी उनू नही."

"बरं. घागर कोना नावनी?"

"नानानी."

"म्हनजे नाना आज पानी प्याले येई?"

"येई. तसंच मानतस."

"मंग तो निंबखालथून येई. सारा गावमा झोका शे आन त्यानी फांदी रिकामी. काय सांगशी त्याले?"

मोहिनी मागच्या खोलीत गेली आणि नानाचा दोर घेऊन आली. तो माळ्यावरून तिनं आधीच उतरवला होता. उंदरानं कुठं कुरतडला नाही ना, हेही पाहून ठेवलं होतं.

हितेंद्र निंबावर चढू लागला. पाय घसरत होता.

"जिना नही शे तठे, भो!" खालून लोटनभाऊ ओरडले. डाव थांबला होता.

दोर बांधून हितेंद्र उतरला आणि बाजूला उभा राहिला. गल्लीतल्या बायाही उभ्याच.

"पहिला झोका कोन लेई?" लोटनभाऊंनी विचारलं.

तेव्हा हितेंद्रला बापाची रीत आठवली. तो फळीवर बसला. फांदी करकरली, थोडा पाला गळला. दोर मात्र टिकला.

मग बेबाबाई आणि मोहिनी चढल्या. बेबाबाईचे गुडघे वाजत होते, तरी ती वाकत होती, ताठ होत होती. झोका चढला. कौलं खाली गेली, पलीकडं अंजनी नदीचं कोरडं पात्र दिसलं, तोंडावर झळा आल्या. एक पाय तिनं पुढं काढला. पाला हातभर लांब राहिला.

"पुढल्या साले लागी, फुई," मोहिनी म्हणाली.

"पुढल्या साले माले लेवाले कोन येई?"

झोका खाली आला. हितेंद्रनं दोर धरून तो थांबवला.

"मी. पिशवी भरी ठेवजो."

बेबाबाईनं फळीवरून पाय खाली टेकला. "चाल," ती म्हणाली, "पानी दे. त्या घागरमानंच दे."

ऐका, पखवाज लागला. बुवा उठले. तुमच्याकडून एवढंच हवं: आखाजीला झोका बांधाल तेव्हा पहिला झोका बांधणाऱ्यानंच घ्यावा, आणि घेताना एरंडोलच्या तोताराम नानाला आठवावं.