लिंबाच्या वासाची चिलीम

मित्रांनो, मी एक जुनी चिलीम आहे, मातीची आणि वीतभर उंचीची. नाव ऐकूनच नाक मुरडलेत ना? मुरडा. तंबाखूची बाजू मी घेणार नाही. माझ्या मालकाचा, धर्माजीचा खोकला माझ्याइतका जवळून कोणी ऐकला आहे? तुम्ही माझ्या वाटेला जाऊ नका, फक्त माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म तळ्याजवळच्या एका गावात, गणराज कुंभाराच्या चाकावर झाला. तळ्यातली चिकणमाती, तिच्यात चाळलेली राख, आणि मग भाताचे तूस आणि गोवऱ्या रचलेला आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी. आव्यात मी भाजून लाल झाले. अकरा वर्षांपूर्वी धर्माजी चिलीम घ्यायला आला, तेव्हा आम्ही वीस-बावीस जणी ओट्यावर उभ्या होतो. त्याने एकेकीला नखाने टिचकी मारली. जी बद्द वाजली ती बाजूला. मग आभाळाकडे धरून भोक सरळ आहे का ते पाहिले. शेवटी खालच्या ओठाला लावले, कारण नीट भाजलेली कोरी माती ओठाला किंचित चिकटते.

"चिलीम घेतोस का सून बघतोस?" गणराज म्हणाला.

"सून पोरगा बघंल. चिलीम माजी मलाच बघायला होवी," धर्माजी म्हणाला आणि मला उचलले. मी तेव्हा फार फुशारले होते.

धर्माजी माझी काळजी घेई. आत एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही. तंबाखू दाबून भरायची नाही, नाहीतर धूर ओढताना गाल दुखतात. वर निखारा, खाली ओली छापी, म्हणजे गाळून घ्यायचे फडके. ओढून झाले की मला निवू द्यायचे, राख दगडावर नव्हे, तळहातावर ठोकायची आणि चिंधीची वात आतून ओढून काढायची. डॉक्टरांनी दटावल्यापासून तो संध्याकाळी एकदाच मला हातात घेतो. शिवाय दर वर्षी शिमग्याच्या आधी तो मला गणराजकडे देतो. आव्याच्या कडेला मला पुन्हा भाजले की वर्षाचा कीट जळून जातो. दोघांची मैत्री तेवढ्याने ताजी होते, असे मला वाटते.

यंदा मी आव्यातून परत आले ती राखेने माखलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घरात शिमग्याची साफसफाई चालली होती. धर्माजीची सून क्रांती पनवेलची, कामाला चटपटीत. तिने मला पाहिले आणि सासऱ्याला खूश करायचे ठरवले. भांडी घासायच्या लिंबाच्या वासाच्या साबणात तिने मला तासभर बुडवून ठेवले, घासले, पुसले आणि कोनाड्यात उभे केले. मग ती शिमग्यासाठी माहेरी गेली.

खरे सांगते, मला ते आवडले होते. कोणी मला असे चकचकीत कधी केले नव्हते. पण माझी माती तहानलेली असते, मित्रांनो. ती सगळा साबण पिऊन बसली.

संध्याकाळी धर्माजीने पहिला झुरका घेतला आणि थू थू करत अंगणात धावला. तोंड कडूजहर! मला नुकतेच आव्यातून आणलेले, म्हणजे दोष आव्याचाच, असे त्याने धरले. विचारायला गणराजकडे जायचे, तर हा गेला तळ्याकाठच्या आठवडी बाजारात आणि चहाच्या टपरीवर मोठ्याने बोलला, "गणराजनं आव्यात प्लास्टिक जाळलंन. चिलीम नासली माजी."

उन्हाळा तोंडावर आला होता. गणराजच्या वर्षाची कमाई माठांवर. प्लास्टिकच्या वासाचे पाणी कोण पिणार? दोन बाजार झाले, माठ जसे आणले तसे परत गेले. मी कोनाड्यात बसून हे सगळे ऐकत होते. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मातीला बोलता येत नाही. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात गणराज अंगणात येऊन उभा राहिला. हातात पाण्याने भरलेला माठ होता.

"पी. वास येतो काय सांग."

धर्माजी प्यायला. "न्हाय येत."

"आता चिलीम आण."

गणराजने मला नाकाशी धरले, पुन्हा धरले. "माज्या आव्यात लिंबं पिकत न्हाईत, धर्माजी."

क्रांती आदल्या दिवशीच माहेरून आली होती. ती दारात आली. घाबरून तिचे हात पदरात गुंतले होते. गप्प बसली असती तर कोणाला कळले नसते.

"काका, मी धुतली. साबणाने. चांगली दिसावी म्हणून. माझी चूक आहे."

धर्माजी मान खाली घालून बसला. गणराजने आंघोळीच्या चुलीतले निखारे ओढले आणि मला त्यात ठेवले. लिंबाचा वास घरभर पसरला, मग विरला. मी पुन्हा लाल झाले.

"पोरी, माती साबणानं न्हाय धुवायची. ती पिते," तो हसून म्हणाला. पण जाताना त्याने माठ उचलला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

बाजाराच्या दिवशी क्रांती म्हणाली, "बाबा, मी पण येते. मीच सांगते सगळ्यांना."

"तू घरात बोललीस, तेवढं पुरं. बाजारात मी बोललो व्हतो."

धर्माजीने मला खिशात घातले, म्हणून पुढचे मी ऐकले. त्याच टपरीसमोर, भर गर्दीत, तो गणराजच्या माठातले पाणी तांब्याने प्यायला आणि ओरडून म्हणाला, "आवा चोख हाय. खोटं मी बोललो. गणराजची माफी मागतंय." बायका थांबल्या. एकीने माठाला टिचकी मारून पाहिली. दुपारपर्यंत सात माठ गेले.

मित्रांनो, मातीची वस्तू धुण्याआधी तिच्या जाणकाराला विचारा. माझ्या पोटातला साबण घरच्या निखाऱ्यांनी जळून गेला. गणराजच्या नावाला लावलेला डाग मात्र धर्माजीला बाजारापर्यंत चालत जाऊन पुसावा लागला.