पहिली ओळ अलिपातेची

अलिपातेला मी मेव्हणा म्हणतो. तो इथला, फिजीचा मूळचा, मी हिंदुस्थानातून ऊस लावायला आणलेल्यांचा पणतू. नातं कसलंच नाही, पण आमच्या सुवा शहरात मेव्हणा म्हटलं की वाटेल ते बोलायची मुभा मिळते.

आमच्या वस्तीच्या गायनमंडळात पहिली ओळ तोच उचलतो. तोवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. माझी ढोलकीसुद्धा थांबते.

त्याची बायको मेरेओनी गेली आणि त्याने काळे कपडे चढवून गाणं सोडलं, त्यांच्या रिवाजाप्रमाणे शंभराव्या रात्रीपर्यंत. ते बंधन फक्त तिच्या माहेरचे उठवू शकतात. नेमका फिजी दिनाचा जलसा त्याआधी आला. मी तिच्या भावाकडे, तेविताकडे गेलो.

"दादा, एका संध्याकाळपुरतं..."

"आमच्या बहिणीसाठीचं रडणं तुझ्या ढोलकीच्या सोयीनं उरकायचं का रे, जयनारायण?"

मी परतलो आणि अलिपातेला म्हणालो, "मेव्हण्या, तू घरीच बस. दुसरा कोणी उचलेल."

"घरी बसून भिंती मोजू? रांगेत उभा राहीन, टाळ्या देईन. उचलू दे की दुसऱ्याला."

इथेच आम्ही सगळे फसलो. उचलणारा समोर उभा असताना त्याची ओळ घ्यायची म्हणजे त्याला जिवंतपणी बाजूला सारायचं. एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आल्बर्ट पार्क माणसांनी भरलं होतं. रोटुमा बेटावरच्या बायका, साड्या, लुंगीसारखे सुलू नेसलेले पुरुष, मार्क्स स्ट्रीटचे चिनी दुकानदार सहकुटुंब. आमचं नाव पुकारलं, आम्ही उभे राहिलो, आणि काहीच झालं नाही. अलिपाते खाली बघत होता. मंडळ त्याच्याकडे बघत होतं. आता हसं होणार, असं मला वाटलं, पण एवढ्या गर्दीतून एक शिट्टी आली नाही.

मग पुढच्या रांगेतून तेविता उठला. मागोमाग मेरेओनीच्या बहिणी. तो मंचावर येऊन अलिपातेसमोर मांडी घालून बसला आणि त्याने कापडात गुंडाळलेला देवमाशाचा दात पुढे केला; असं बंधन उठवायचं तर हा मानाचा दात द्यावा लागतो. म्हणजे गडी घरूनच ठरवून आला होता! बहिणींनी अलिपातेच्या खांद्यावरचं काळं वस्त्र काढलं, फुलाफुलांचं घातलं.

"आम्ही रडलो तिला," तेविता म्हणाला. "आता तू गा."

अलिपातेने ओळ उचलली. आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. आमचं मंडळ त्यात मिसळलं आणि पाठोपाठ अख्खं मैदान, गाणं सगळ्यांच्याच ओळखीचं. फिजीयन कडव्यांनंतर हिंदी कडवं आलं तेव्हा तेविताही गात होता, चिनी दुकानदारही. एवढ्या माणसांचा हा देश माझा आहे, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी ते छातीत जाणवलं.

मंचावरून उतरताना अलिपातेने मला कोपर मारलं.

"मेव्हण्या, शेवटच्या कडव्याला ढोलकी कुठे चरायला गेली होती?"

"हातच चालेना रे."

"मेरेओनी असती तर कान पिळला असता तुझा," तो म्हणाला. ती गेल्यापासून त्याच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.