पुढच्या दारानं कानबाई

सोराबबाग ज्या पारशी शेठनं बांधली तो हौशी होता, यात वाद नाही. कडोदऱ्याच्या अलीकडे, जिथं आज लूमचे पत्र्याचे शेड एकमेकांना खेटून धडधडतात, तिथं त्या काळी कापसाची शेतं होती. सुरतेच्या उन्हाळ्याला कंटाळून हा माणूस बायकापोरांसकट हवा खायला इथं येऊन राही. उंच जोतं, त्यावर सागवानी खांबांचा लांबलचक ओटा, रंगीत काचांची तावदानं, दिवाणखान्यात विलायती फरशी आणि फरशीखाली पावसाचं पाणी साठवणारं टाकं. समोर कारंजं, त्याच्या चारी अंगांना गुलाबाचे वाफे, पलीकडे चिकू आणि आंबे. पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं सगळं. फक्त नोकरांचं तोंड दिसू नये, एवढी काळजी त्या हौशी माणसानं घेतली होती. मागच्या फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत जमीन खोदून त्यानं एक खोलगट वाट काढली आणि तिच्या दोन्ही काठांवर मेंदीचं दाट कुंपण लावलं. ओट्यावर बसलेल्या पाहुण्याला बाग दिसे, बागेला पाणी घालायला आलेला माणूस दिसत नसे. सरपण, मासळी, मैला, सगळी ये-जा त्याच वाटेनं. वाटेच्या टोकाला मागच्या अंगणात नोकरांच्या खोल्या होत्या. त्यातल्या एका खोलीत प्रमिलाबाई नवी नवरी म्हणून आली, ती म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिली.

या बंगल्यावर तिचा पहिल्यापासून दात होता. नवऱ्याचा, धुडकूचा, जीव मात्र त्याच्यावर जडलेला. पारशी गेले, साडीच्या मिलवाल्या शेठनं जागा विकत घेतली, त्या शेठनं धुडकूला अमळनेरकडून माळी म्हणून आणला आणि एक दिवस गुलाब पाहता पाहता म्हणाला, धुडकू तर आपल्या घरचा माणूस. झालं. त्या एका शब्दावर या बाबानं जन्म काढला. पोरं तापानं फणफणत असली तरी हा कलमांना सावली करत बसायचा. बंगल्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. प्रमिलाबाई तर दिवसातून दोनदा काढायची.

तिचं दुखणं वेगळं होतं. धुडकूच्या भाऊबंदांची देवी कानबाई होती, खानदेशातून येताना त्यांनी तिला सोबत आणली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती नारळाच्या रूपानं चौरंगावर बसते, सोमवारी तापीत बोळवतात. दर साली एकेका घरी, असा भाऊबंदांचा रिवाज. देवी वाजतगाजत येणार, दारात तिच्या पायावर पाणी घालणार, भाकरतुकडा ओवाळून टाकणार, मग ती उंबरा ओलांडणार. प्रमिलाबाईच्या खोलीला रस्त्याकडं दारच नव्हतं. तिथं जायचं तर त्या खोलगट वाटेनं, जिथून एके काळी मैला जायचा त्या वाटेनं. देवीला तिथून कोण आणणार? म्हणून प्रमिलाबाईच्या घरची पाळी आली की देवी थोरल्या जावेकडे, नवागामच्या रुक्मिणीकडे जायची. रुक्मिणी घ्यायची आणि वर ऐकवायचीही.

या साली एका बारशाला, चार बायकांत, रुक्मिणी पुन्हा बोलली. म्हणाली, आमची प्रमिला केवढा बंगला सांभाळते, पण देवीला दाखवायला उंबरा नाही. बायका पदराआड हसल्या. प्रमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिच्या तोंडून निघून गेलं की यंदा कानबाई माझ्याकडे बसेल, तीही बंगल्याच्या पुढच्या दारानं येऊन. कानबाईच्या नावानं काढलेला शब्द मागं घेता येत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. रुक्मिणीनं लगेच पाळण्याला हात लावून सगळ्यांना साक्षी ठेवलं.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा धुडकू खुरपं टाकून उठला.

"तुनं डोकं फिरनं का? शेठना पुढला दारतून? आपली पायरी वळखीसन ऱ्हाय."

"तू म्हणस ना घरना माणूस शे?" ती म्हणाली. "मंग घरना माणूसनी देवी कथाईन येस? मांगला दारतून?"

तो खुरपं उचलून बागेत गेला आणि दोन दिवस फक्त जेवायला घरी आला. तिला ते सोयीचंच झालं.

तिकडे बंगल्याचे दिवस पालटत होते. जुना शेठ वारला होता आणि त्याचा नातू हितेश तिथं हॉटेल काढणार होता. पुरातन हवेलीत राहायला लोक परदेशातून येतात म्हणे. त्यासाठी पुण्याहून वृषाली नावाची आर्किटेक्ट बाई आणली होती. मेहनती होती, खोटं का बोला. उन्हातान्हात शिडीवर चढून ती सागाच्या खांबांवरचा तेलरंग खरवडून काढायची, चुन्याचा गिलावा स्वतः हातानं चाचपायची. तिनं मेंदीचं कुंपण छाटून ती खोलगट वाटही पूर्वीसारखी करून घेतली होती. प्रमिलाबाई प्रथम तिलाच भेटली, आपल्या मराठीतली बाई म्हणून, आणि देवी पुढच्या दारानं आणून दिवाणखान्यात बसवू द्या म्हणाली. वृषालीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. दिव्यांच्या काजळीनं छत खराब होईल, फरशीवर तेल सांडेल, इतक्या माणसांचं वजन टाक्यावरच्या जमिनीला झेपणार नाही. वर म्हणाली, "मावशी, ही वास्तू आपली सगळ्यांची आहे, जपायला नको?"

"सगळ्यांची आहे तर मग एक दिवस माझी असू दे," प्रमिलाबाई म्हणाली. वृषालीनं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या दिवसापासून प्रमिलाबाईनं तिला चहा द्यायचं बंद केलं आणि वृषालीनं मागच्या अंगणातली दोरी काढायला लावली, वाळत घातलेले कपडे पाहुण्यांना गच्चीवरून दिसतील म्हणून.

मग प्रमिलाबाई हितेशकडे गेली. धुडकू वाटेत आडवा आला, तर त्याला ओलांडून गेली. आणि हितेश चक्क हो म्हणाला. मोबाइलवरची तारीख पाहून तो खूशच झाला, कारण त्याच रविवारी त्यानं मुंबई-अहमदाबादचे पाहुणे बोलावले होते, सफरी काढणाऱ्या कंपन्यांचे. त्यांना बंगला दाखवायचा, बाग दाखवायची आणि वर अशी गावरान देवी, गाणी, नाच. लहानपणी तो प्रमिलाबाईच्या चुलीपुढं बसून भाकरी खायचा. तिला अजून मासीच म्हणायचा. वृषालीला त्यानं प्रमिलाबाईदेखत सांगितलं की छताची काळजी नंतर करू.

प्रमिलाबाई जिंकली होती. तरी परत येताना तिच्या मनात पाल चुकचुकली. मागितलेलं इतक्या सहज कुणी देत नाही, निदान या घरात तरी नाही.

रविवारी देवी आली ती थेट मोठ्या फाटकातून, कारंज्याला वळसा घालून. पुढं डफ, मागं उधना-नवागामच्या सगळ्या भाऊबंदांच्या बायका काठापदराच्या साड्या नेसून. प्रमिलाबाईच्या डोक्यावर कानबाई होती. पायऱ्या ती सावकाश, एकेक करून चढली. दारात तिच्याच लेकीनं, उधन्याच्या तारानं, पाणी घातलं. उंबरा ओलांडताना प्रमिलाबाईनं मान वळवून रुक्मिणीकडे पाहिलं. रुक्मिणी वर छताकडे पाहत होती, जणू तिला सागवानाची फार पारख. इतकं गोड प्रमिलाबाईला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

दिवाणखान्यात चौरंग मांडला, गाणी सुरू झाली. पाहुणे भिंतीला टेकून फोटो काढत होते. वृषाली त्यांना घराचा इतिहास सांगत होती, हिंदीत, मध्येमध्ये इंग्रजीत. खांब कुठून आले, काचा कुठल्या, टाक्यातलं पाणी उन्हाळाभर कसं पुरायचं. मग ती त्यांना खिडकीशी घेऊन गेली आणि ती खोलगट वाट दाखवली. किती विचारपूर्वक केलेली रचना आहे पाहा, ती म्हणाली, बागेची शोभा न मोडता सगळी कामं होत. एका पाहुण्यानं मान डोलावून विचारलं की हॉटेलचे नोकरही त्याच वाटेनं येतील का. हितेश म्हणाला, अर्थात. प्रमिलाबाई गाता गाता ऐकत होती. पुढच्या कडव्याला तिनं आवाज आणखी वर चढवला.

संध्याकाळी पंगत बसली. रोटांची पंगत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची, ते दळायचं, त्याचे जाड रोट करायचे, सोबतीला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. ते रोट भाऊबंदांनीच खायचे आणि कण न टाकता संपवायचे. परक्याला घास नाही. लग्न झालेली लेकसुद्धा परकी. तारा सकाळपासून राबत होती, तिच्या पुढ्यात वेगळा भात होता, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पहिलं पान वाढलं न वाढलं तोच हितेश दोन पाहुण्यांना घेऊन आला आणि बूट काढून सरळ पंगतीत धुडकूच्या शेजारी मांडी घालून बसला. पाहुणे कॅमेरा सरसावून उभे राहिले. हसत म्हणाला,

"मासी, अमने पण परसाद आपो ने. हुं तो घरनो ज छुं."

डफ थांबला. रुक्मिणीचे डोळे आता छतावरून खाली आले होते आणि त्यांत उघड उघड मजा होती. द्यावा तर देवीचा कोप आणि भाऊबंदांत नाचक्की, न द्यावा तर ज्याच्या छपराखाली बसलो त्याचा पाहुण्यांदेखत अपमान. पुढचं दार मागायला निघालेल्या बाईला दाराची किंमत आता कळणार होती. धुडकू खाली मान घालून पुटपुटला, "दी टाक. एक तुकडा दी टाक. मी देवीनी माफी मांगसू."

प्रमिलाबाईनं परातीतला रोट उचलला, तूप लावलं आणि हितेशच्या पानावर ठेवला. कुणीतरी बाई अगंबाई म्हणाली. हितेशनं तुकडा मोडायला हात पुढे केला.

"थांबा, हितेशभाऊ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "हा रोट भाऊबंदच खातात. तुम्ही घरचे म्हणता तर खा. पण खाल्ला की तुम्ही आमचे भाऊबंद झाले, आणि भाऊबंदाला घरात वाटा असतो. आमचं घर म्हणजे मागची एक खोली. तिच्यात तुमचा वाटा आजपासून. आता हे तुमचं घर. ह्याच्यात आमचा वाटा कोणता, तो देवीसमोर सांगा आणि खा."

हितेश हसला. मग ती हसत नाही हे पाहून त्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं. ही काय म्हणते, असं एका पाहुण्यानं वृषालीला विचारलं. वृषालीला अक्षर न् अक्षर कळलं होतं, पण तिनं भाषांतर केलं नाही. ती खिडकीच्या काचेकडे पाहत राहिली.

हितेशचा हात पानावर होता, रोटाला टेकलेला. तो त्यानं मागं घेतला. रुमालाला बोटांचं तूप पुसलं.

"काका," तो धुडकूला म्हणाला, हिंदीत, आणि आता त्यात मासीबिसी काही नव्हतं, "अपनी औरत को समझाओ."

धुडकू आयुष्यभर या घरातल्या माणसांपुढं होकाराशिवाय काही बोलला नव्हता. प्रमिलाबाईला खात्री होती की आता हा उठेल, पाय धरेल, आपल्यालाच शिव्या घालेल. ती त्याच्याही अंगावर जायला तयार होऊन उभी होती. धुडकूनं त्या रोटाकडे पाहिलं, जिथून हात उचलला गेला होता त्या जागेकडे.

"शेठ," तो म्हणाला, "तिनं इचारं त्यानं उत्तर बाकी ऱ्हायनं ना."

हितेश उठला. दिवाळीच्या आत खोली रिकामी पाहिजे आणि उद्या देवी मागच्या वाटेनं न्यायची, एवढं सांगून तो पाहुण्यांना कारंज्याकडे घेऊन गेला. बाहेरून त्याचं हसणं ऐकू आलं. देवी मागच्या वाटेनं जाणार नाही हे पंगतीतल्या कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या पुढच्या दाराला कुलूप असलं तर कुलूप तोडणारे भाऊबंद तिथं पुष्कळ होते, आणि लूमवरचे त्यांचे हात काही नाजूक नव्हते.

प्रमिलाबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तिला भयंकर राग आला, हितेशचा नव्हे, शेजारी खाली मान घालून बसलेल्या या माणसाचा. घरचा माणूस या दोन शब्दांवर त्यानं सगळी उमर त्या गुलाबांत गाडली होती. तो गुलाबांना सावली करत होता तेव्हा तापलेल्या पोरांच्या उशाशी ती एकटी जागली होती. आता कुठं त्याला कळलं होतं, म्हातारपणी, भरल्या पंगतीत, आणि कळून त्याच्या हातात काय राहिलं होतं?

तिनं हितेशपुढचा रोट उचलला. टाकायचा नसतो. तो तिनं धुडकूच्या पानात वाढला.

"खाय," ती म्हणाली. "त्याना वाटाना बी तुलेच खाना शे."

धुडकूनं घास मोडला. रुक्मिणीनं भाजीचं पातेलं पुढे ओढलं आणि त्याच्या पानात गंगाफळाची भाजी वाढली.